१९३० च्या मुंबईत रेडिओ कसा लावत, आणि मंचावर तो कसा दाखवावा

प्रश्न थोडक्यात असा: एकांकिकेत १९३१ च्या दिवाळीतली, गिरगावातल्या चाळीतली संध्याकाळ आहे. बिऱ्हाडकरू चकचकीत लाकडी रेडिओचं बटण फिरवतो, डायल उजळते, ‘हे आकाशवाणीचं मुंबई केंद्र आहे’ असं ऐकू येतं, गाणं सुरू होतं आणि दहा-बारा माणसं ऐकत बसतात. हे काळाला धरून आहे का? नसेल तर मंचावर काय ठेवावं आणि नटानं काय करावं?

दहा-बारा माणसं जमतात, एवढं सोडलं तर जवळजवळ सगळंच बदलावं लागेल. त्या काळी रेडिओ ‘सुरू’ करत नसत, तो ‘लावत’. त्याला तयारी लागे, एक माणूस कायम त्याच्यापाशी बसलेला असे आणि बाकीचे गप्प बसत. प्रसंगाची गंमत त्यातच आहे.

आधी तारखेचा घोळ. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालं. कलकत्ता केंद्र त्यानंतर महिनाभरात, २६ ऑगस्टला. कंपनी तोट्यात गेली, १९३० च्या मार्चमध्ये दिवाळखोरीत निघाली आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारनं ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ या नावानं केंद्रं चालवायला घेतली. मग मंदी आली. १० ऑक्टोबर १९३१ ला ही सेवा बंद करायचं सरकारनं ठरवलं, लोकांनी ओरड केली आणि २३ नोव्हेंबरला तो निर्णय फिरवावा लागला. १९३१ ची दिवाळी नेमकी या दोन तारखांच्या मधे पडते. तो वाद संहितेत आणायचा असेल तर तुमच्या हाती आयता विषय आहे. नसेल तर प्रसंग सरळ एक वर्ष मागे, १९३० च्या दिवाळीत न्या.

‘आकाशवाणी’ हा शब्द काढून टाका. म्हैसूरच्या केंद्रानं तो १९३५ मध्ये घेतला आणि ऑल इंडिया रेडिओला तो पन्नासच्या दशकात चिकटला. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नावच मुळी ८ जून १९३६ चं. केंद्र उघडताना वाजणारी ती ओळखीची धूनही नको. ती ज्याच्या नावावर आहे तो संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये भारतात आला. पात्रांच्या तोंडी ‘रेडिओ’ किंवा ‘बिनतारी’ द्या. निवेदन तर टाळाच. डायल फिरवताना स्टेशन बहुधा गाण्याच्या मधेच सापडतं, ते तसंच अर्ध्या ओळीवर सापडू द्या.

आणखी एक बारकावा, वाटलं तर वापरा. मुंबई शहरात तेव्हा ‘मुंबई टाइम’ही चाले आणि तो स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटं मागे असे. एखाद्या पात्रानं “आठ म्हणजे कुठले आठ?” असं विचारणं त्या काळात मुळीच विनोदी नव्हतं.

आता सेट कोणता. देशभरात १९२९ अखेर परवाने पावणेआठ हजारांच्या आसपास होते. परवाना टपाल-तार खात्याचा, वर्षाला १० रुपये. बिनपरवान्याचे ऐकणारे अर्थातच होते. चाळीतल्या बेताच्या मिळकतीच्या घरात दोन शक्यता पटतात: घरी केलेला क्रिस्टल सेट, म्हणजे बॅटरीशिवाय, खनिजाच्या खड्यावर चालणारा; किंवा कोणा हौशी माणसाचा बॅटरीवरचा तीन व्हॉल्व्हचा सेट (व्हॉल्व्ह म्हणजे आवाज वाढवणारे, दिव्यासारखे काचेचे भाग). दहा-बारा माणसांना ऐकवायचं असेल तर दुसराच घ्यावा लागेल. पण पहिल्याबद्दलही लिहितो, कारण मंचावर तो जास्त बोलका दिसतो आणि करायला स्वस्त आहे.

मुंबई केंद्राची लहर ३५७.१ मीटरची, म्हणजे ८४० किलोहर्ट्झ, आणि प्रक्षेपक दीड किलोवॅटचा. दिवसा भरवशाचं ऐकू येण्याचा टप्पा साधारण ४८ किलोमीटर. शहरातल्या शहरात क्रिस्टल सेटला एवढं पुरे, मात्र एरियल, म्हणजे लहरी पकडणारी छपरावरची तार, चांगली हवी. क्रिस्टल सेटमध्ये वाढवणारं काहीच नसतं; तारेत जेवढी शक्ती येईल तेवढीच कानात जाते. म्हणून घरमालकाची मिनतवारी करून छपरावर बांबू उभे करायचे आणि ६० ते १०० फूट पीळदार तांब्याची तार ताणायची. दोन्ही टोकांना चिनी मातीचे, अंड्याच्या आकाराचे इन्सुलेटर, एकेका बाजूला दोन-तीन. तिथून खिडकीतून आत येणारी तार भिंतीला टेकता कामा नये. पावसाळ्यात ओल्या भिंतीतून निम्मी शक्ती जमिनीत जाते आणि मग ‘स्टेशनच मंद झालं’ म्हणून लोक स्टेशनला बोल लावतात. समुद्राकाठी इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. पावसाळा संपल्यावर, म्हणजे दिवाळीच्या साफसफाईतच, ते उतरवून पुसणं हे ठरलेलं काम. नटाच्या हाती फडकं आणि इन्सुलेटर देता येईल.

अर्थिंगला, म्हणजे सेट जमिनीशी जोडायला, पाण्याचा नळ, तोही जमिनीतून वर येणारा मूळ नळ. नळावरचा रंग कानशीनं घासून तांबं-लोखंड उघडं करून क्लिप आवळायची. गॅसच्या नळीला अर्थ जोडू नये.

स्टेशन निवडायला सेटमध्ये तारेचं वेटोळं (कॉईल) आणि त्याच्या जोडीला फिरवता येणारा कंडेन्सर असतो; कंडेन्सरची वीज धरायची क्षमता म्हणजे कपॅसिटी, आणि वेटोळ्याचा तसाच गुण म्हणजे इंडक्टन्स. कॉईलचं माप असं: ७५ मिलिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची नळी आणि २४ गेजच्या, दुहेरी सुती वेष्टणाच्या तारेचे ६० वेढे, एकाला एक लागून. इंडक्टन्स साधारण २५० मायक्रोहेन्री येतो. आज सुती वेष्टणाची तार सहज मिळत नाही. इनॅमलची घेतलीत तर वेढे जवळ बसतात आणि इंडक्टन्स वाढतो, म्हणून ५५ वेढे पुरतात. आता इथे नवखे हमखास अडकतात. ८४० किलोहर्ट्झला या कॉईलवर सगळी मिळून १४० पिकोफॅराड कपॅसिटी हवी. शंभर फुटी एरियलची स्वतःचीच २०० च्या आसपास असते. ती सरळ कॉईलच्या टोकाला जोडली तर सेट ७०० किलोहर्ट्झच्या वर जातच नाही. कंडेन्सर कितीही फिरवा, मुंबई लागत नाही आणि माणूस क्रिस्टलला दोष देत बसतो. उपाय दोन. एरियलच्या वाटेत १०० पिकोफॅराडचा कंडेन्सर घालायचा, म्हणजे एरियलचा भार ६७ वर येतो. नाहीतर एरियल अर्थच्या बाजूनं पंधराव्या-विसाव्या वेढ्यावर जोडायची. दुसऱ्या उपायानं स्टेशनही धारदार लागतं.

लहरीतून आवाज वेगळा काढणारा भाग म्हणजे डिटेक्टर, आणि इथे ते काम क्रिस्टल करतो. क्रिस्टल म्हणजे गॅलिना, शिशाचं चकचकीत खनिज, वाटाण्याएवढा तुकडा. त्यावर बारीक तारेची स्प्रिंग अलगद टेकवायची. तिला इंग्रज लोक मांजराची मिशी म्हणत. खड्याच्या पृष्ठभागावर काहीच ठिकाणं ‘जिवंत’ असतात. तार उचलायची, केसभर सरकवायची, टेकवायची, कान देऊन थांबायचं. दाब जास्त झाला तर आवाज बसतो, कमी झाला तर खरखरतो. सापडलेली जागा जिन्यावरून कोणी धाडधाड उतरलं की जाते. बोटानं खडा धरायचा नाही, चिमट्यानंच. बोटाचा तेलकटपणा लागला की खडा मुका होतो आणि स्पिरिटनं धुवावा लागतो. दोन खनिजं एकमेकांवर दाबून धरणारे पेरिकॉन जातीचे डिटेक्टरही मिळत. ते गॅलिनाइतके तल्लख नसत, पण हादऱ्यानं जागा सोडत नसत. चाळीत माझी पसंती त्यांनाच असती, कारण मजल्याच्या लाकडी फळ्या कोणी चाललं तरी हलतात.

हेडफोन प्रत्येक कानाला २००० ओहमचे, जोडी ४००० ची. आजचा मोबाइलचा हेडफोन ३२ ओहमचा असतो, तो क्रिस्टल सेटला लावला तर काहीही ऐकू येत नाही. मधे ट्रान्सफॉर्मर लागतो. घरात ऐकणारे दोघं असले की हेडफोनचा पट्टा काढून एकेक कान वाटून घेत. चिनी मातीच्या खोल वाडग्यात हेडफोन ठेवला तर शांत खोलीत टेबलाभोवतीच्या तीन-चार जणांना पुसटसं कळतं. त्याहून जास्त माणसांना नाही. मंचावर वाडगा चांगला दिसतो, पण मग बारा माणसं बसवू नका.

आता व्हॉल्व्हचा सेट. तीन व्हॉल्व्हचा साधा प्रकार: पहिला डिटेक्टर, पुढचे दोन आवाज वाढवणारे. पुढच्या एबोनाइटच्या (कडक रबराच्या) काळ्या पाटीवर दोन डायल, ० ते १०० आकडे कोरलेले. स्टेशनांची नावं नाहीत, डायलमागे दिवा नाही. स्टेशन कुठं लागतं ते वहीत लिहून ठेवत. व्हॉल्व्हच्या उजेडाबद्दलही सांगतो. आधीच्या काळातले व्हॉल्व्ह विजेच्या दिव्यासारखे पेटत, पण तोवर कमी विजेवर चालणारे आले होते आणि त्यांचा फिलामेंट (आतली तापणारी तार) अंधारातही जेमतेम तांबूस दिसतो. बॅटरीचे हे व्हॉल्व्ह तापायला वेळ घेत नाहीत, खटका ओढल्याबरोबर आवाज येतो. नाटकं-चित्रपटांत दाखवतात तसं अर्धं मिनिट थांबणं हे विजेवरच्या सेटचं. बरं, हा सेट घरच्या विजेवर चालत नाही, त्यामुळे खोलीत रॉकेलचा दिवा असला तरी चालतं.

त्याला बॅटऱ्या तीन. फिलामेंटसाठी २ व्होल्टचा ॲक्युम्युलेटर, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी: काचेची जाड बरणी, आत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचं आम्ल. तीन व्हॉल्व्ह मिळून साधारण ०.४ अँपिअर घेतात. २० अँपिअर-तासांची बरणी हिशेबानं ५० तास चालते. रोज तीन तास ऐकलं तर पंधरवडाभर, आणि शहाणा माणूस त्याआधीच ती भरायला देतो. १.८ व्होल्टच्या खाली नेली आणि तशीच ठेवली की पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि बरणी कायमची कमजोर होते. म्हणून ज्यांना परवडे ते दोन बरण्या ठेवत, एक घरी आणि एक दुकानात. हातात कडी धरून, धोतराला आम्ल लागू नये म्हणून अंगापासून लांब धरून, जिना चढणारा माणूस हे तुमच्या प्रसंगाचं पहिलं दृश्य होऊ शकतं.

दुसरी हाय टेन्शन (जास्त व्होल्टची) बॅटरी, १२० व्होल्टची. दीड व्होल्टचे ८० सुके सेल डांबरात बसवलेले, वर भोकांच्या रांगा आणि आकडे. डिटेक्टरचा खुंटा ६० वर, बाकीचे १२० वर. तिसरी ग्रिड बायसची, म्हणजे व्हॉल्व्हला लगाम घालणारी छोटी, ९ व्होल्टची. ती खर्च होत नाही, पण नसली तर शेवटचा व्हॉल्व्ह भरमसाट वीज ओढतो आणि महागडी मोठी बॅटरी काही दिवसांत संपवतो. ग्रिड बायसचे खुंटे सेट चालू असताना हलवायचे नाहीत, ते यासाठी.

जोडण्याचा क्रम हा खरा परीक्षेचा भाग. आधी २ व्होल्ट, मग ग्रिड बायस, सगळ्यात शेवटी १२० व्होल्ट, काढताना उलट. १२० चा खुंटा चुकून फिलामेंटच्या टोकाला लागला तर एका क्षणात तिन्ही व्हॉल्व्ह जातात, आवाजही होत नाही. सावध लोक मोठ्या बॅटरीच्या ऋण तारेत टॉर्चचा छोटा बल्ब घालत: चूक झाली की बल्ब उडतो, व्हॉल्व्ह वाचतात. सेटच्या मागे हा एक बल्ब लावा. प्रेक्षकांतल्या जाणकाराला तेवढ्यानंच कळेल की करणाऱ्यानं अभ्यास केलाय.

आता लावणं. उजव्या हातात ट्यूनिंगची डायल, डाव्या हातात रिॲक्शनची. रिॲक्शन म्हणजे डिटेक्टरमधून वाढून आलेल्या लहरीचा थोडा भाग परत पहिल्या कॉईलमध्ये सोडणं. त्यामुळे एकच व्हॉल्व्ह कितीतरी जास्त काम करतो. डावी डायल हळूहळू वाढवली की आधी कर्णा (सेटचा लाउडस्पीकर) मुका असतो, मग त्यातून लांबच्या पावसासारखा सूं आवाज येऊ लागतो. सेट ‘जागा’ झाला. आणखी जराशी वाढवली की ‘टक्’ होतं: सेट आता स्वतःच लहरी निर्माण करतोय. या अवस्थेत उजवी डायल फिरवली तर स्टेशनपाशी बारीक शिट्टी सुरू होते, घोगरी होत खाली उतरते, क्षणभर नाहीशी होते आणि पुन्हा वर चढते. ती नाहीशी होते तिथं स्टेशन. तिथं थांबायचं, डावी डायल ‘टक्’च्या किंचित अलीकडे आणायची, आणि शिट्टीच्या जागी माणसाचा गळा येतो.

मग हात काढून घ्यायचा आणि स्टेशन निसटतं! हाताचीच कपॅसिटी कंडेन्सरला लागलेली असते. म्हणून कसबी माणूस हात काढण्याआधी डायल केसभर पुढे नेऊन ठेवतो, किंवा पाटीच्या मागे पत्र्याचा पातळ तुकडा लावून तो अर्थला जोडतो. नटाला एवढं एकच करायला लावा: गाणं लागतं, हात काढतो, गाणं पुसट होतं, हात जवळ नेतो, परत येतं. बसलेली मंडळी त्याच्या हाताकडे बघतात.

रिॲक्शन ‘टक्’च्या पलीकडे ठेवून शिट्टी शोधण्यात एक सामाजिक अडचण होती. असा सेट स्वतःच छोटं प्रक्षेपण केंद्र होतो आणि त्याची शिट्टी एरियलमधून आजूबाजूच्या सगळ्या सेटांत घुसते. समोरच्या चाळीतला कोणी स्टेशन शोधू लागला की इकडचं गाणं किंचाळतं. तेव्हा “अहो, रिॲक्शन उतरवा!” अशी खिडकीतून हाक मारणं हाच इलाज. हे संवादात घ्या, दिवाळीच्या फटाक्यांपेक्षा उपयोगी पडेल. फटाक्यांचा सेटवर काही परिणाम नाही. ट्रामचा आहे: खांबावरच्या तारेला दांडीचा स्पर्श सुटला की ठिणगी, आणि ठिणगी म्हणजे कर्ण्यात ‘कर्र’. रस्त्याकडच्या खोलीत ते अंतराअंतरानं येणारच.

ऐकू काय येतं? कर्ण्यातून ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं उतरत नाही. तबल्याची चाट आणि किनार खणखणीत ऐकू येते, डग्ग्याचा घुमारा नाही. पेटी सगळ्यांत स्पष्ट, तंबोरा म्हणजे मागची नुसती गुणगुण, आणि भरदार पुरुषी आवाज नाकातून आल्यासारखा. ध्वनिमुद्रण तयार करताना ३०० च्या खालचं आणि साडेतीन हजारांच्या वरचं कापून टाका. चरचर मात्र बेतानं घाला. स्थानिक स्टेशन स्वच्छ लागे, जुन्या तबकडीसारखी सततची खरखर रेडिओत नसते. कार्यक्रमात देशी आणि युरोपीय असे दोन्ही वाटे एकाच केंद्रावरून येत, त्यामुळे गाणं संपून इंग्रजी वाद्यवृंद सुरू झाला आणि निम्मी माणसं उठली, हे अगदी घडण्यासारखं आहे.

प्रसंगात बिघाड हवा असेल तर दोनच सुचवतो. मोठी बॅटरी म्हातारी झाली की सेट मोटारबोटीसारखा फट्-फट्-फट् करू लागतो, कारण तिचा आतला रोध वाढून तिन्ही व्हॉल्व्ह एकमेकांत अडकतात; बॅटरीला समांतर २ मायक्रोफॅराडचा कंडेन्सर लावला की काही दिवस निभावतं. ॲक्युम्युलेटर उतरला तर मात्र असा गोंगाट होत नाही. आवाज हळूहळू बारीक होतो, डावी डायल वाढवत न्यावी लागते आणि शेवटी ती टोकाला पोचते. नाटकाला दुसरा बरा, गाण्याच्या समेआधी आवाज विझवता येतो.

प्रसंग पुण्यात नेणार असाल तर क्रिस्टल विसरा. सव्वाशे किलोमीटरवर दिवसा व्हॉल्व्ह सेटलाही स्टेशन मंद. सूर्य मावळल्यावर आकाशातून परतणारी लहरही येऊन मिळते, आवाज वाढतो, पण दोन लहरी एकमेकींना छेद देतात आणि गाणं मिनिटामिनिटाला बुडतं, वर येतं. कलकत्ता केंद्र ३७०.४ मीटरवर, मुंबईपासून फक्त ३० किलोहर्ट्झ अंतरावर. मुंबई चालू असताना गिरगावातल्या साध्या सेटवर ते तिच्याखाली दबून जातं. मुंबई बंद असेल तेव्हा रात्री उशिरा शिट्टीच्या टोकाला सापडतं. खरा हौशी त्याच्यासाठीच जागे.

मंचावर खरी १२० व्होल्टची बॅटरी ठेवू नका, एवढी वीज चांगलाच झटका देते. लाकडी खोका, वर डांबरी कागद, पितळी खुंटे पुरे. ॲक्युम्युलेटरच्या बरणीत साधं पाणी. कर्णा ग्रामोफोनचा चालणार नाही, तो फुलासारखा पसरट असतो. लाउडस्पीकरचा हंसाच्या मानेसारखा उभा आणि वर वाकलेला. त्याच्या बुडाशी छोटा स्पीकर लपवला की आवाज आपोआप त्या काळचा येतो, निम्मं गाळण्याचं काम कर्णाच करतो.

शेवटी पडदा पडण्याआधी एक कृती राहू देऊ नका. खिडकीच्या चौकटीवर चिनी मातीच्या पाटीवर सुरीसारखा पात्याचा खटका असे: वर केला की एरियल सेटला, खाली केला की सरळ अर्थला. ऐकणं झालं की १२० चा खुंटा काढायचा, मग बाकीच्या तारा, आणि निजण्याआधी तो खटका खाली ओढायचा. ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईवर गडगडून येतं, आणि छपरावरची शंभर फूट तार तेव्हा घरात यायला नको.